झाकणांचे रंग

"रक्त कोणत्या नळीत घेतलं होतं, असं विचारते ही बाई," सर म्हणाले आणि हसले. हातातला कागद त्यांनी निळीताईच्या टेबलावर ठेवला. "उद्या झाकणाचा रंगही विचारेल."

निळीताई तेव्हा काचेच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत रक्त तपासायची पातळ जेल ओतत होती. तीस वर्षांत तिच्या हातून जेल कधी सांडली नव्हती. नवी पोरं साचा नीट न आवळता ओततात, मग खालून धार लागते आणि निळीताईच्या नावाने हाका सुरू होतात. आज तिच्याच साच्याखालून धार लागली. टेबलाच्या कडेवरून ओघळून ती तिच्या चपलेवर पडायला लागली, तरी तिने पाय मागे घेतला नाही. सर पत्रातलं पुढचं सांगत होते. कुठल्याशा दुसऱ्या संस्थेतल्या एका तरुण संशोधिकेने सरांचा जुना, गाजलेला प्रयोग पुन्हा करून पाहिला होता. त्याच औषधी झाडाची पानं, त्यांचा तसाच काढलेला अर्क, तोच सांधे सुजवणारा आजार. फक्त रुग्ण साठ, म्हणजे सरांच्या बरोबर दुप्पट. सरांच्या रुग्णांच्या रक्तातलं सांधे कुरतडणारं एन्झाइम तीन महिन्यांत निम्म्यावर आलं होतं, हिच्या रुग्णांचं तसूभर हललं नव्हतं. तेव्हा तिने अगदी नम्रपणे तीन प्रश्न विचारले होते, आणि तिसरा हा नळीचा होता. "ती जुनी वही कुठे असली तर बघा हो ताई," सर जाता जाता म्हणाले. "नसली तर राहू द्या. जागा बदलली तेव्हा गहाळ झाली म्हणून कळवून टाकू."

वही गहाळ झाली नव्हती. ती निळीताईच्या घरी लोखंडी कपाटात, चादरींच्या खाली, एका जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली होती. प्रयोगशाळा जुन्या इमारतीतून या इमारतीत आली, त्या गडबडीच्या आठवड्यात तिने ती डब्याच्या पिशवीत घालून नेली होती. त्याला चोरी म्हणावं असं तिला तेव्हाही वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नव्हतं. तिने चपलेवरची जेल पुसली, साचा सोडवला, पट्ट्या धुवायला टाकल्या आणि स्टुलावर बसून राहिली. आला, तिच्या मनात आलं. आला एकदाचा दिवस. सतरा वर्षं तिने डूख धरला होता, आणि तो धरलाय याचा पत्ता तिने कुणाला लागू दिला नव्हता. सरांच्या खोलीत पाण्याची बाटली तीच भरून ठेवायची, परदेशी पाहुणे आले की सर तिला पुढे करायचे आणि ती हसायची. रोज संध्याकाळी बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मात्र ती तो प्रसंग मनात मांडायची. आधी सरांचे कान लाल होतील. मग ते चष्मा काढतील, कारण अडचणीत आले की ते चष्मा काढतात आणि समोरच्याला धूसर करून टाकतात. मग ते म्हणतील, ताई, ही वही कुठे होती? आणि ती काहीच बोलणार नाही. तिचं सगळं सुख त्या न बोलण्यात साठवलेलं होतं. काही बायका कुंडीतल्या रोपाला नेमाने पाणी घालतात, तसं तिने या एका प्रसंगाला घातलं होतं. तो आता इतका तयार झाला होता की त्यात सर कुठल्या शर्टात असतील तेही ठरलेलं होतं.

निळी हे तिचं नाव नव्हे. जेल ज्या रंगात बुडवायची तो रंग हातमोज्याला भोक असलं की बोटांना चिकटतो आणि आठवडाभर जात नाही, त्यावरून कुठल्यातरी जुन्या विद्यार्थ्याने ते पाडलं आणि ते तिला रंगासारखंच चिकटलं. काम मोठं मजेचं होतं. जेलमध्येच जिलेटिन कालवून ठेवायचं, म्हणजे एन्झाइमसाठी ताटच वाढून ठेवायचं. मग रुग्णाचं रक्त एकेका खाचेत सोडायचं, वीज लावायची, रक्तातली एन्झाइमं आपापल्या वजनाप्रमाणे खाली सरकत जायची. रात्रभर जेल उबेत ठेवायची, सकाळी निळ्या रंगात बुडवायची. सगळी जेल निळी होते, फक्त जिथे एन्झाइमने जिलेटिन खाल्लंय तिथे पांढरा पट्टा उमटतो. पांढरं म्हणजे खाल्लेलं, ती नव्या पोरांना सांगायची. पट्टा जितका रुंद तितकी भूक मोठी. ही एन्झाइमं मुळात वाईट नसतात, हे सरांनी तिला पहिल्या वर्षी समजावलं होतं, आणि सर समजावत फार सुंदर. जखम भरायची तर आधी फाटलेलं काढून टाकावं लागतं. ही ते काढतात, नवं बसवायला जागा करून देतात. गवंडी भिंत दुरुस्त करायच्या आधी पोपडे पाडतो तसं. पण सूज हटेनाशी झाली की या गवंड्यांना कुणी थांबवत नाही. पोपडे संपतात, विटा निघायला लागतात, आणि एक दिवस सांध्यातली कूर्चा संपून हाडावर हाड येतं. हे ऐकताना ती मान डोलावत होती. त्यानंतर दोनच वर्षांनी तिच्या बहिणीच्या, धाकटीच्या, उजव्या हाताची बोटं सकाळी उघडेनाशी झाली.

धाकटीचे हात. त्या हातांबद्दल घरात देवाबद्दल बोलावं तसं बोललं जायचं. बाप घड्याळजी होता. दुकान म्हणजे जेमतेम एक टेबल, एक दिवा आणि पाठीमागे टिकटिकणारी भिंत. दोघी मुली शाळेतून थेट तिथे यायच्या. आलेल्या घड्याळाची नोंद करणं हे थोरलीचं, म्हणजे निळीताईचं, काम. बाबांची एक सवय होती, गिऱ्हाइकाच्या नावाशेजारी एक जादा रकाना आखायचा आणि त्यावर 'खूण' असं लिहायचं. पट्टा तपकिरी. काचेवर चरा. किल्ली सैल. उद्या काही वाद निघाला तर खूण बोलेल, ते म्हणायचे. थोरलीला नोंदी नको होत्या, तिला भिंग डोळ्याला लावून आत बघायचं होतं. बारा वर्षांची असताना तिने एकदा हट्टाने चिमटा हातात घेतला आणि तांदळाच्या कणीएवढं चक्र उचलताना ते वाकवलं. बाबा ओरडले नाहीत. "तुझा हात जड आहे गं," एवढंच म्हणाले, आणि चिमटा धाकटीकडे दिला. धाकटी नऊ वर्षांची होती. तिने चक्र उचललं, जागेवर ठेवलं, आणि घड्याळ चालू झालं. पुढे दुकान धाकटीनेच चालवलं. लांबून लांबून लोक यायचे, इतर कारागिरांनी हात टेकलेली घड्याळं आणायचे. थोरलीला बहिणीचं कौतुक होतं. कौतुक होतं, हे ती स्वतःला बरेचदा सांगायची.

म्हणून सरांनी पानांच्या अर्काचा प्रयोग काढला तेव्हा तिनेच धाकटीला आणून त्यात बसवलं. रुग्ण क्रमांक चौदा. त्या पानांतली द्रव्यं सुजेचा जाळ विझवतात, आणि जाळ विझला की गवंडी आपोआप घरी जातात, असा सरांचा विचार होता आणि काचेच्या नळीत तो खराही ठरला होता. आता माणसांत बघायचं होतं. तीस जणांचं सुरुवातीला रक्त घेतलं, तीन महिन्यांनी पुन्हा घेतलं. रक्त निळीताईनेच काढलं, हिरव्या पडद्याआडच्या खोलीत, आणि बापाच्या सवयीने वहीत जादा रकाना आखला. खूण. सुरुवातीच्या तीसही नळ्यांपुढे लिहिलं, झाकण लाल. तीन महिन्यांनी भांडारात लाल झाकणांच्या नळ्याच नव्हत्या. भांडारवाल्याने जांभळ्या पाठवल्या आणि वर म्हणाला, रक्त ते रक्त, नळीला काय करायचंय. तिलाही तसंच वाटलं. रुग्ण बाहेर बाकावर बसले होते, त्यात धाकटी होती, सगळे उपाशीपोटी आलेले. तिने जांभळ्या नळ्यांत रक्त घेतलं आणि तीस ओळींपुढे इमानेइतबारे लिहिलं, झाकण जांभळं. मग जेल चालवली. सुरुवातीचे पट्टे रुंद, ठसठशीत. नंतरचे निम्मे. सर टेबलाभोवती चालत राहिले, बसेनात. एवढ्या वर्षांत त्या माणसाला तिने नाचायच्या बेतात असलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

पण तिचं मन खात होतं. दोन आठवड्यांनी, एका रिकाम्या दुपारी, तिने स्वतःच्या दंडाला रबरी पट्टी बांधली, एकाच सुईतून आधी लाल नळी भरली, मग जांभळी, आणि दोन्ही शेजारशेजार चालवल्या. सकाळी तिने जेल उजेडात धरली. तिला काही आजार नव्हता, तिने पाला खाल्ला नव्हता, रक्त एकाच हाताचं, एकाच मिनिटाचं होतं. तरी लाल नळीचा पट्टा रुंद आणि जांभळीचा निम्मा. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. लाल झाकणाच्या नळीत रक्त गोठतं, आणि गोठताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपल्याकडचा एन्झाइमचा साठा बाहेर टाकतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध घातलेलं असतं, तिथे साठा आतच राहतो. पानांनी काही केलंच नव्हतं. जे उतरलं ते झाकण बदलल्याने उतरलं होतं. आणि झाकण तिने बदललं होतं.

ती सरांकडे गेली होती. हे तिला लख्ख आठवतं. वही छातीशी धरून त्यांच्या दारात उभी होती, आणि तिने सांगितलं, सर म्हणाले, बघू. त्या 'बघू'वर तिने सतरा वर्षांचा इमला उभा केला होता. त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी छापलं. लेखाच्या शेवटी तांत्रिक साहाय्याबद्दल आभार होते, त्यात तिचं नावसुद्धा नव्हतं, नुसतं 'तांत्रिक साहाय्य', जणू तो एखादा पंखा होता. मग त्या पानांची भुकटी डब्यांतून विकली जाऊ लागली, डब्यावर हिरवंगार पान आणि खाली बारीक अक्षरांत सरांचा प्रयोग. आणि त्याआधी, सगळ्यात आधी, सरांनी जिन्यात भेटलेल्या धाकटीला सांगितलं की तुमच्या त्या जड गोळ्यांची आता बहुधा गरज पडणार नाही. जिन्यात. एक पायरी वर, एक पायरी खाली, फोन कानाला लावता लावता. धाकटीने गोळ्या सोडल्या. चौदा महिने ती नुसत्या पाल्यावर होती, आणि चौदा महिन्यांत गवंड्यांनी भिंत पाडली. आता तिची चारही बोटं करंगळीच्या बाजूला कललेली आहेत, वाऱ्याने एका दिशेला झुकलेल्या गवतासारखी. दुकान बंद होऊन अकरा वर्षं झाली. आणि सरांना पुढच्या महिन्यात जीवनगौरव मिळणार होता. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, निळीताई मनाशी म्हणाली, आणि हातमोजे काढून उठली.

सर खोलीत भाषण लिहीत होते. शर्ट तिने मनात ठरवला होता तो नव्हता. ती समोर उभी राहिली, बसा म्हटल्यावरही बसली नाही. वही आहे, तिने सांगितलं. माझ्याकडे आहे. आणि ती कान लाल व्हायची वाट बघत थांबली.

"आहे?" सर मान वर करून म्हणाले. "अरे वा. मग पाठवून द्या की तिला. तुम्ही म्हणजे खरंच कमाल आहात ताई, आम्ही कागद हरवायचे आणि तुम्ही सांभाळायचे."

कान लाल झाले नाहीत. चष्मा नाकावरच राहिला. सरांनी पुन्हा भाषणात डोकं घातलंही, आणि ती तिथेच उभी असल्याचं जरा वेळाने त्यांच्या लक्षात आलं. माणूस इतका निर्ढावलेला असू शकतो का? तिने सावकाश, एखाद्या नव्या पोराला सांगावं तसं सगळं सांगितलं. लाल, जांभळं. भांडार. तिचं स्वतःचं रक्त. सरांनी पेन खाली ठेवलं. आता त्यांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला, आणि ते आश्चर्य खोटं नव्हतं. खोटी आश्चर्यं तिने पुष्कळ पाहिली होती, विद्यार्थ्यांची, भांडारवाल्याची. हे तसलं नव्हतं.

"तुम्ही मला हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

सांगितलं होतं, ती म्हणाली. तुमच्या दारात उभं राहून सांगितलं होतं. तुम्ही बघू म्हणालात. नाही ताई, ते म्हणाले, फक्त एवढंच, आवाज न चढवता. आणि त्या शांत 'नाही'ने तिच्या डोक्यातलं ते दार पुन्हा उघडलं. दार होतं. वही छातीशी होती. आत दहाबारा जण होते, सगळ्यांचे चेहरे फुललेले, लेख स्वीकारल्याचं त्याच सकाळी कळलं होतं. सर फोनवर होते. तिला पाहून त्यांनी फोनवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, या ताई, हे सगळं तुमच्या जेलचं यश. तुमच्या. तेरा वर्षांत तो शब्द त्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकला होता. तिचा हात कधी कुणी हलका म्हटला नव्हता. सर काही काम होतं, ती म्हणाली. बघू, ते म्हणाले, नंतर बघू. आणि ती हसली, वही काखेत मारून परत आली, आणि नंतर कधीच गेली नाही. एवढंच घडलं होतं. बाकीचं तिने बसच्या खिडकीत बसून रचलं होतं.

सर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले होते. परत आले तेव्हा त्यांचं ठरलेलं होतं, आणि आता ते पुन्हा तिला माहीत असलेले सर होते. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, ते म्हणाले, चार महिन्यांत तुम्हीही निवृत्त व्हाल. वहीवर अक्षर तुमचं, सही तुमची, चूक तुमची. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता? तिच्या पत्राला मी उत्तर देतो, वही सापडली नाही म्हणून. मग ते तिच्या अगदी जवळ आले आणि जवळजवळ मायेने म्हणाले, "सतरा वर्षं गप्प बसलात ना? मग आता आणखी थोडं."

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाहेर पडली. बसमध्ये खिडकी मिळाली, पण मांडायला काही नव्हतं. तिला राग येत होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. सर निर्दोष नव्हते. जिन्यातलं ते वाक्य त्यांचंच होतं, आणि आत्ताचं तर होतंच. त्यांना ती सोडणार नव्हती. तिने पत्राचं उत्तर मनातल्या मनात लिहायला घेतलं, आणि सर आज काय म्हणाले ते त्यात शब्दाला शब्द घातलं. मायेने म्हणाले, हेसुद्धा घालावं का, याचा तिने दोन थांबे विचार केला. पण एक गोष्ट मध्येच डोकं वर काढत होती. धाकटीने गोळ्या सोडल्या तो दिवस. सर जिन्यात बोलले ते सकाळी. संध्याकाळी धाकटीने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं होतं, ताई, सर म्हणतात गोळ्या बंद केल्या तरी चालेल, करू का? आणि ती काय म्हणाली होती? ती भांडी घासत होती. लाल आणि जांभळ्या नळीची जेल तिने त्याच आठवड्यात पाहिली होती. सर म्हणतात तर कर, ती म्हणाली होती. भांड्यांवरून मान वर न करता. भीती होती, चूक उघडी पडेल ही, नोकरी जाईल ही. भीतीच होती. तिच्या खाली आणखी काही होतं का, तांदळाच्या कणीएवढं, वाकलेलं, ते बघायला तिने कधी भिंग लावलं नव्हतं. तिचा थांबा आला.

धाकटी खिडकीपाशी खुर्चीत होती. इतक्या लवकर कशी आलीस, तिने विचारलं. निळीताईने कपाट उघडलं, चादरी बाजूला केल्या, अभ्र्यातून वही काढली आणि खिडकीजवळच्या टेबलावर उजेडात ठेवली. फोटो काढायचेत, पाठवायचेत, म्हणाली. धाकटी वाकली. तिला पान उलटता येत नाही, बोटं कागदाच्या कडेखाली जात नाहीत, तेव्हा ती तळव्याने पान सरकवते. तिने एक सरकवलं, दुसरं सरकवलं, आणि थांबली.

"बाबांचा रकाना," ती म्हणाली.

मग निळीताईने सांगितलं. सरांना सांगितलं तेच, पण सरांना सांगताना शब्द सापडत होते, इथे सापडेनात. घड्याळं उघडणाऱ्या माणसाला फार समजवावं लागत नाही. धाकटीने चौदा नंबरची ओळ शोधली, मग दुसऱ्या पानावरची चौदा नंबरची ओळ शोधली, लाल, जांभळं, आणि मान हलवली. म्हणजे पाल्याने काहीच झालं नव्हतं, ती म्हणाली, मी उगाच लोकांना सांगत होते की तो नसता तर मी अंथरुणालाच खिळले असते. मग धाकटीने विचारलं, सरांना ठाऊक होतं? आणि इथे हो म्हणता आलं असतं. त्या एका शब्दाने सगळं पुन्हा जागेवर बसलं असतं, सतरा वर्षं, बसची खिडकी, सगळं. तो शब्द तिच्या जिभेवर आलाही.

"नाही," ती म्हणाली. "त्यांना आज कळलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं लोखंडी दार ओढत होतं. धाकटी वहीकडेच बघत होती.

"मी तुला विचारलं होतं," धाकटी म्हणाली. "गोळ्या बंद करू का म्हणून. तू भांडी घासत होतीस. तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

धाकटी रडली नाही, काही फेकलं नाही. कालच्या जेवणातल्या मिठाबद्दल सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, काढ फोटो, उजेड जातोय. निळीताईने फोन हातात घेतला. वहीची पानं जुनी, उडत होती, तेव्हा धाकटीने उजवा हात पानावर दाबून धरला. कललेली चार बोटं, फुगलेले सांधे, आणि त्यांच्या शेजारी निळीताईचं गोल गोल, शाळकरी अक्षर. हात जरा बाजूला घे, निळीताई म्हणाली, फोटोत येतोय.

"येऊ दे," धाकटी म्हणाली. "अक्षर दिसेल असाच ठेवलाय."

आठ पानं होती. आठही फोटोंत तो हात आला. शेवटच्या पानावर, जिथे नोंद घेणाऱ्याची सही होती, तिथे धाकटीने अंगठा सहीच्या अगदी लगत आणून ठेवला. निळीताईने फोटो काढला. मग तिने त्या पत्र पाठवणाऱ्या संशोधिकेला खाली मजकूर लिहिला, की रक्त घेणारी मी, नळ्या बदलणारी मी, आणि ते दोन आठवड्यांत कळूनही गप्प राहणारी मी. बसमध्ये रचलेला सरांचा परिच्छेदही तिने जसाच्या तसा घातला, मायेने हा शब्द सोडून. धाकटीने सगळं वाचलं, एका ठिकाणी गप्प राहणारी याच्याआधी सतरा वर्षं असं घालायला लावलं, आणि पाठव म्हणाली. पाठवलं. सरांचं आता काय व्हायचं ते होणार होतं. ते आठवून निळीताईने आत कुठे आनंद उमटतो का ते पाहिलं, जेल रंगातून काढल्यावर बघावं तसं. काही उमटलं नव्हतं.

सहा वाजले. सहाला धाकटीच्या गोळ्या, त्याच जुन्या, जड गोळ्या, चौदा महिन्यांनी पुन्हा सुरू केलेल्या. त्यांची बाटली दाबून फिरवायच्या झाकणाची आहे आणि ते झाकण धाकटीला उघडत नाही. रोज सहाला निळीताई ते उघडते, गोळी तिच्या तळव्यावर ठेवते आणि पाणी देते. ती उठली आणि फळीकडे गेली. बाटली तिथे नव्हती. धाकटीच्या मांडीवर होती. तिने ती दोन गुडघ्यांत धरली होती आणि दोन्ही तळवे झाकणावर ठेवून वरून भार देत होती. झाकण कडकड वाजायचं आणि जागच्या जागी फिरायचं. निळीताईने हात पुढे केला, नुसता पुढे केला. धाकटीने वर पाहिलं नाही. तिने बाटली जरा आणखी जवळ ओढली, तळवे बदलले आणि पुन्हा दाबलं. निळीताई समोरच्या खुर्चीत बसली. सव्वासहा झाले, साडेसहा झाले, खोलीत झाकणाची कडकड चालू होती, आणि धाकटीने बाटली दिली नाही.